सासऱ्याला पाणी भरायला लावणारी सून

जामनेरात माझ्याइतक्या थापा मारणारा दुसरा माणूस नाही, असं लोक म्हणतात. हे खरं नाही. माझे धाकटे काका माझ्या वरचढ होते. ते वारले म्हणून पहिला नंबर आपोआप माझ्याकडे आला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. किराणा दुकानदार आहे मी. वजनात कमी दिल्याचा आरोप माझ्यावर कुणी केला असेल, पण गोष्टीत मी गिऱ्हाइकाला कधी कमी घातलेलं नाही. वर चिमूटभर टाकूनच पुडी बांधतो.

तरी छातीच्या दुखण्याबद्दल पुढं जे लिहिलंय ते तोलून लिहिलंय. ज्यांच्या हृदयाला माझ्यासारखा दणका बसलाय आणि ज्यांच्या घरच्यांनी त्यांना कापसात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तेवढं धरा. बाकीचं ऐकून हसा आणि सोडून द्या.

भरताचा सूड

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माघ नुकताच लागला होता. मळ्यात भरताचा बेत झाला. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर कुटली, आणि मी जेवायला बसलो तो सूर्य मावळल्यावर उठलो. वांगं केवढं होतं म्हणाल, तर त्याच्या देठाला म्हैस बांधता आली असती.

दुसऱ्या दिवशी बाजार. दुकानात गर्दी. मी गादीवर लोडाला टेकून नेहमीप्रमाणे सगळं हाकेवर चालवत होतो. "गूळ काढ रे! पाणी आण रे! छत्री आत घे रे!" दुकान सुरू केलं त्या दिवशी मी त्या गादीवर बसलो, आणि मधे लग्न लागायला तेवढा उठलो, असं आमची मंडळी म्हणते. मंडळी म्हणजे माझी बायको, आमची अक्का. तिच्याकडून ही अतिशयोक्ती ऐकून मला बरं वाटतं. संसारात काहीतरी शिकली.

तर त्या दिवशी दुपारच्या आधी छातीवर कुणीतरी सरकीचं पोतं ठेवल्यासारखं झालं. मग त्या पोत्यावर आणखी एक पोतं. डावा हात जड झाला, मानेपासून घाम फुटला. मी म्हटलं, भरीत सूड घेतंय. ओवा खाल्ला. सोडा प्यालो. शेजारच्या पार्वताकाकूंनी हिंग कालवून बेंबीला लावला. घामानं सदरा पिळून निघाला, तरी मी गादीवर बसून म्हणतोय, "वायू आहे, सरकेल."

इथं हसणं थांबवून ऐका. छातीवर असं ओझं आलं, हात जड झाला, गार घाम सुटला, तर ओवा शोधत बसू नका. सरळ डॉक्टर गाठा. मी ओव्यात आणि हिंगात जो वेळ घालवला, त्यावरून डॉक्टरांनी नंतर मला चांगलंच सुनावलं.

माझा मुलगा वसंता फार बोलत नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि रस्त्यात उभा राहून जळगावकडे निघालेला केळीचा ट्रक अडवला. मी ड्रायव्हरच्या शेजारी, वसंता मागं केळीच्या घडांवर. निघताना केळी हिरवी होती, पोहोचेपर्यंत पिवळी झाली, असं मी सगळीकडं सांगतो. खरं तर ड्रायव्हरनं ट्रक असा काही हाणला की केळीला विचार करायलाही वेळ मिळाला नाही.

गप्प पडलेला माणूस

दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्राच्या पट्ट्या हातापायाला लावल्या, कागदाची लांब फीत काढली आणि वसंताला बाहेर नेलं. मला कळायचं ते कळलं. गिऱ्हाईक बायकोला दुकानाबाहेर नेऊन बोलतं तेव्हा काय बोलत असेल ते किराणा दुकानदाराला समजतं.

मग आत येऊन डॉक्टर म्हणाले, "नाना, हृदयाचा झटका आहे. वाचलात. आता काही दिवस कूससुद्धा विचारल्याशिवाय बदलायची नाही."

डॉक्टर तरुण होते, नुकतेच मुंबईहून शिकून आलेले. एक सिस्टर होती, दूर केरळकडची. तिचं मराठी दोन शब्दांचं होतं, "नाना, गप." सुरुवातीला तिला तेही वापरावं लागलं नाही. पहाटे ती नाडी बघायची, मग अंग पुसायचं, मग बेचव पेज, मग गोळ्या, मग छताकडं बघणं. छताला एक पाल होती. तिचं नाव, गाव, माहेर सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं. पण कुणाला सांगितलं नाही.

सांगावंसंच वाटेना. लोक भेटायला येत. येताना नारळ आणत आणि प्रत्येक नारळाबरोबर एक मेलेला माणूस. "आमच्या मावसभावाला असंच झालं होतं. हसत होता, नाना, हसत होता, आणि गेला." पाळधीचे एकजण तर माझ्या पायाशी बसून लागोपाठ इतके मेलेले सांगून गेले, की मला वाटलं आता माझाही नंबर वाचून दाखवतील. एरवी मी त्यांना त्यांचाच माणूस उठवून, चहा पाजून, परत मारून दाखवला असता. पण मी पडून राहिलो. डोळे मिटले की वाटायचं, पुन्हा उघडतील की नाही कुणास ठाऊक. म्हणून मी मिटतच नव्हतो. भीती अशी असते. तिला आरडाओरडा लागत नाही, उशाशी नुसती बसून राहते.

एका दुपारी अक्का पेजेचा चमचा हातात धरून थांबली. म्हणाली, "अहो, काहीतरी खोटं बोला ना."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"काही बी. तुम्ही इतके दिवस खरं बोलताय, माझा जीव घाबरा झालाय."

मी छताकडं बोट करून पालीचं लग्न सांगायला घेतलं. अर्ध्यावर दम लागला. पण अक्का पदराआड हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून पेजेला चव यायला लागली. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना माझी विनंती आहे, की त्याच्याशी त्याच्या आजाराबद्दल बोलू नका. तो रोज जे बोलतो तेच त्याला बोलू द्या.

राजा आणि घंटा

महाशिवरात्रीच्या सुमाराला घरी आलो. घरच्यांनी पुढच्या खोलीत खाट मांडली होती. गादीवर गादी, लोडावर लोड. हाक मारून छातीवर ताण येऊ नये म्हणून अक्कानं देवघरातली पितळी घंटा उशाशी आणून ठेवली.

लोकहो, त्या घंटेनं मी जे राज्य केलं ते कुठल्या संस्थानिकानं केलं नसेल. एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की चहा. पाठ खाजवायला वेगळा ताल होता. देवघरात बाळकृष्ण बिनघंटेचा बसला होता, आणि बाहेर मी. सगळ्यात जास्त धावायची ती कमल, माझी सून. धुळ्याची पोर, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. घंटा वाजायच्या आत ती दारात हजर असायची.

महिन्याभरात माझं पोट लोडाच्या बरोबरीला आलं. खाटेवरून मोरीपर्यंत गेलो तरी भिंतीला हात लावून उभं राहावं लागे. पाय काठीसारखे झाले. मला वाटलं, आजार वाढतोय. आम्ही सगळे म्हणालो, आणखी विश्रांती पाहिजे.

जळगावला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करता, नाना?"

मी म्हटलं, "घंटा वाजवतो."

डॉक्टर हसले नाहीत. घंटेची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि खुर्ची पुढं ओढली. "तुमचं हृदय हा एक स्नायू आहे. त्याला झटक्यानंतर विश्रांती पाहिजे होती, ती दिली. आता त्याला काम पाहिजे. तुम्ही त्याला काम द्यायचं सोडून ते सुनेच्या पायांना देताय."

"म्हणजे दंड-बैठका काढू?"

"काही काढू नका. फिरायला जा असंही सांगत नाही. तुम्ही पारावर बसून गप्पा मारून परत याल. मी एवढंच सांगतो, की जे हाक मारून मिळतं ते उठून घ्यायचं. पाणी पाहिजे, उठा. गूळ काढायचाय, तुम्हीच काढा. छत्री आत घ्यायचीय, तुम्हीच घ्या. घरातलं हलकं काम आपलं म्हणायचं. सुरुवातीला थोडं, मग वाढवत न्यायचं."

"आणि किती चालायचं, ते कसं कळणार?"

डॉक्टर माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले. "तुम्ही बोलता फार, असं सिस्टर सांगत होती. बोलत बोलत चाला. वाक्य सहज पुरं होतंय तोवर चाला. वाक्य तुटायला लागलं की थांबा. छातीत कळ आली तर खाली बसा आणि ही गोळी जिभेखाली. जेवल्या जेवल्या नाही, भर उन्हात नाही, जड उचलायचं नाही."

जगात असं औषध कुणाला मिळालं असेल? गप्पा मारत चाला! मी त्यांचे पाय धरणार होतो, पण वाकायला पोट आडवं आलं.

(हे त्यांनी माझी छाती, माझी फीत बघून सांगितलं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच उठा. पण विचारा जरूर. न विचारता आयुष्यभर पडून राहणारे मी पाहिलेत.)

तांब्या तांब्यानं

घंटा देवघरात परत गेली. घरातलं काम निवडायचं होतं, ते मी पिण्याच्या पाण्याचं निवडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला आड आहे. घागर उचलायची नाही, म्हणून तांब्या. आडावर बायका पाणी ओढत असत, त्यातलीच कुणी माझा तांब्या भरून देई. एक तांब्या आणायचा, माठात ओतायचा, बसायचं, दम खायचा, मग दुसरा. आधी वाटेतल्या निंबाच्या झाडापर्यंत पोहोचेतो माझी गोष्ट संपायची नाही, जीव संपायला यायचा. हळूहळू निंब मागं पडला. मग अशी पाळी आली, की आडापर्यंत जाऊन यायला एक गोष्ट पुरेना. मला नव्या बनवाव्या लागल्या. गल्लीत ऐकणारे भरपूर. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात तांब्या आणि तोंडानं अखंड चाललेली गोष्ट, अशी माझी वरात दिवसातून कितीतरी वेळा निघे.

दुकानातही लोडावरून उठलो. गूळ स्वतः काढला, पोत्याचं तोंड स्वतः शिवलं, पुढची पायरी स्वतः झाडली. रात्री झोप लागू लागली. पोट लोडापेक्षा लहान झालं.

पण आमच्याकडं सासऱ्यानं हातात तांब्या घेऊन आडावर जायचं, याचा अर्थ एकच होतो. घरात सून असताना म्हातारा पाणी भरतो, म्हणजे सून कशी असेल ते समजून घ्यावं. त्यातून म्हातारा नुकता मरणातून उठलेला. पार्वताकाकू आमच्या ओट्यासमोरून जाताना मोठ्यानं म्हणत, "काय बाई दिवस आले! आमच्या सासूबाईंनी आम्हाला उकळत्या तेलात तळलं असतं." कमल आडावर गेली की बायकांचं बोलणं थांबे. मी चालत होतो आणि मला दम लागत नव्हता, पण घरात तिचा श्वास कोंडत होता. हे मला उशिरा कळलं. गोष्ट सांगणाऱ्याला स्वतःचाच आवाज जास्त ऐकू येतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पार्वताकाकूंची लेक धुळ्यात दिलेली; ती सणाला माहेरी आली. निंबाला झोका बांधला होता, त्यावर बसून तिनं माझी तांब्याची वरात येताना-जाताना पाहिली आणि सण आटोपून सासरी गेली. झालं. ज्येष्ठ उजाडला तसे कमलचे वडील, धुळ्याचे आप्पा, आमच्या दारात उभे.

देवीच्या नावानं

आप्पा म्हणजे अंगानं भरलेला माणूस. आत आले, टेकले नाहीत, पाणी घेतलं नाही.

"याही, हाई काय चाली र्‍हायनं तुमना घरमा? बठ्ठा धुळामा मनी पोरनं नाव निंघी गयं. सासराले पानी भराले लावस म्हने."

व्याही म्हणत होते, सासऱ्याला पाणी भरायला लावते म्हणून सगळ्या धुळ्यात माझ्या पोरीचं नाव निघालं. आतून कमलचं हुंदका गिळणं ऐकू आलं. मी आप्पांना सगळं नीट सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, स्नायू, काम, वाक्य तुटेपर्यंत चालणं, सगळं. एका अक्षराची भर घातली नाही. वीस पिढ्यांत आमच्या घराण्यात कुणी इतकं खरं बोललं नसेल.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याही, तुमनी आजवर एक तरी गोट खरी निंघनी का?"

चूक त्यांची नव्हती. हृदयाच्या माणसानं पडून राहायचं, हे तेव्हा सगळ्या जगाला ठाऊक होतं. पाणी भरायला सांगणारा डॉक्टर आणि गप्पा मारायचं औषध, हा माल माझ्याच दुकानातला वाटणार. वसंतानं सांगितलं, तर आप्पा म्हणाले, पोरगा बापाला झाकतोय. शेवटी आप्पांनी काठी उचलली. "कमलले मी घेई जास. लोके गप बसतीन तवय धाडसू."

पोर माहेरी नेणार, लोकांची तोंडं बंद झाल्यावर पाठवणार. लोकांची तोंडं कधी बंद होतात? घर मोडतं ते असंच मोडतं. माझा आवाज आपोआप खाली आला.

"आप्पा, हे कुणाला सांगू नका. नवस आहे. कानबाईचा."

कानबाई म्हणजे खानदेशातल्या घराघराची देवी; आप्पांची काठी जिथल्या तिथं थांबली.

"दवाखान्यात पडलो होतो. बोललो, आई, यातून उठलो तर श्रावणात तुझे रोट होईतो घरचं पिण्याचं पाणी स्वतःच्या हातानं भरीन. तांब्या तांब्यानं. सून रडते हो, माझ्या हातातून तांब्या ओढते. मीच देत नाही."

आप्पांनी टोपी काढली आणि हात जोडले. मग पाणी मागून घेतलं आणि जेवूनही गेले. 'कुणाला सांगू नका' म्हटल्यामुळं बातमी ते घरी पोहोचायच्या आधी धुळ्याला पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या घेऊन निघालो की पार्वताकाकू वाटेतून बाजूला होऊन पदर डोक्यावर घेऊ लागल्या. खरं बोललो तेव्हा सून वाईट ठरत होती. खोटं बोललो आणि ती लक्ष्मी झाली.

आप्पा गेल्यावर अक्कानं मला दाराआड गाठलं.

"नवस कधी बोललात?"

"मघाशीच."

"मग आता फेडायचा."

"अगं, ती थाप होती."

"थाप माझ्याशी मारा. तिच्याशी नाही. तिनं ऐकलंय."

ज्या दिवशी अंग मोडून यायचं, ज्या दिवशी गादी गोड लागायची, त्या दिवशीही अक्का तांब्या पुढं करून उभी. डॉक्टरांना मी फसवलं असतं. देवीच्या बाजूनं बायको उभी राहिली की नवऱ्याची काही धडगत नसते.

आवाज बंद झाला तेव्हा

आषाढात एकदा मी जेवून उठलो आणि तसाच आडावर गेलो. तिथं बायका होत्या. कुणीतरी म्हणालं, "नाना, आता तुम्ही जवान झालात." बस. मी दोन भरल्या बादल्या उचलल्या. निंबाखाली आलो तर तेच पोतं छातीवर. बादल्या ठेवल्या, पारावर बसलो.

कमल धावत आली. डोक्यावर पदर नव्हता. खिशातली गोळी तिनंच काढून जिभेखाली दिली आणि समोर उभी राहिली. कळ ओसरल्यावर मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तुमचा आवाज बंद झाला," ती म्हणाली. मग कळलं, की इतके महिने पोर दाराशी कान लावून होती. माझी गोष्ट ऐकू येतेय तोवर ती भाकऱ्या थापायची.

त्या खेपेला जळगावला ती माझ्याबरोबर आली. सासऱ्याबरोबर एकट्या सुनेनं जायचं म्हणजे तेही बोलण्यासारखंच, पण गेली. डॉक्टरांनी मला बादल्यांबद्दल झोडपलं. मग कमलनं, मान खाली घालून, विचारलं, "मग आता चालणं बंद करायचं का?"

डॉक्टर म्हणाले, "बादल्या बंद. जेवल्यावर चालणं बंद. तांब्या बंद केलात तर पुन्हा खाटेवर येतील, आणि या वेळी उठतील याची खात्री मी देत नाही."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत बसली. मी वाघाची गोष्ट सांगत होतो. ती ऐकत नव्हती.

रोट

श्रावणात कानबाई बसली. आमच्याकडं तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं मुठीमुठीनं घेतात. अक्कानं माझ्या नावाची मूठ भरली, पाटीत टाकताना क्षणभर तशीच धरून ठेवली, आणि टाकली. ती मूठ यंदा नसतीही.

सोमवारी सकाळी कानबाईला कांग नदीवर पोहोचवून भाऊबंद घरी आले. आप्पाही धुळ्याहून आले होते. पुढच्या खोलीत गादी अंथरली, लोड लावले. भाऊबंदातल्या थोरल्या बाबांनी मला हाताला धरून बसवलं, टॉवेल-टोपी दिली, कपाळाला कुंकू लावलं.

"नाना, नवस फिटला. आता बसायचं. आता सुनेच्या हातचं आयतं घ्यायचं."

पार्वताकाकू म्हणाल्या, "सुटली बाई कमल! आता कुणी एक शब्द बोलायचं नाही." आणि स्वतः तांब्या-फुलपात्र आणून माझ्यापुढं ठेवलं.

इथं मला एक गोष्ट लपवायची नाही. गादी मऊ होती. लोड पाठीला बरोबर बसत होता. मी फुलपात्राला हात घातला. आता उद्या उठायचं तर नवं कारण पाहिजे होतं, आणि खरं कारण या खोलीत कुणी मानणार नव्हतं. मी डोकं खाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचेना. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, आणि मला दिसत होतं, की हे कौतुक मला श्रावण सरायच्या आत खाटेवर नेणार.

स्वयंपाकघराच्या दारात कमल उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"नाना," ती म्हणाली, "मला तहान लागली. आडावरून पाणी आणा."

भाऊबंदांसमोर सून सासऱ्याशी मोठ्यानं बोलत नाही. पाणी आणायला तर, मला वाटतं, खानदेशात तोवर कुणी सुनेनं सासऱ्याला सांगितलं नसेल.

थोरले बाबा म्हणाले, "पोरी, माठ भरलेला आहे."

"माठातलं नको. नाना आणतील ते पाहिजे. आज, आणि उद्याही."

"कमल!" आप्पा कडाडले. चेहरा लाल झाला होता. "लोके काय म्हनतीन?"

तिची मान वर होती. बापाशी ती धुळ्याच्या बोलीत बोलली. "आप्पा, लोके जे बोलतीन ते बोलू द्या. माले नाना जित्ता पाहिजेत."

मग अक्का पुढं झाली आणि माझ्या पाठीमागचा लोड काढून घेतला.

मी उठलो. फुलपात्र पालथं घातलं, तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं आणि रिकामा तांब्या घेऊन निघालो. मागं घरात मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. गेलो, आलो. तांब्या तिच्या हातात दिला. सगळ्यांच्या देखत ती ते पाणी प्याली. घाई केली नाही. मग तांब्या परत माझ्याकडं दिला.

"आप्पांनाही तहान लागली असेल," ती म्हणाली.

"माले नको," आप्पा म्हणाले. मग त्यांनी लेकीकडं पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी घातली. "चला, याही. मीबी येस."

आम्ही दोघे गल्लीतून निघालो. ओट्याओट्यावर बाया उभ्या होत्या, पार्वताकाकू सगळ्यांत पुढं. सगळं बोलणं आप्पाच करत होते. ही लहानपणी अशीच होती, म्हणाले. हिच्या मनात आलं की आईचं ऐकायची नाही, माझं नाही, कुणाचंच नाही. निंबापर्यंत आलो तेव्हा त्यांना धाप लागली. झाडाला हात लावून ते उभे राहिले. ओट्यावरच्या बायकांकडं बघितलं, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मधेच श्वास घेत, म्हणाले,

"याही... मनी पोर शे ती."